जागल

दिवाळीच्या दिवसांत रात्री वर्ध्याहून सेलूकडे आणि तिथून हिंगणीच्या बाजूने बोर धरणाकडे निघालात, तर गावातल्या पणत्या मागे पडल्या तरी दिव्यांची सोबत सुटत नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना, जंगलाच्या काठापर्यंत, काळोख्या शेतांतून लाल-निळे दिवे लुकलुकत असतात. नवख्या माणसाला वाटावे, शेतकऱ्यांनी यंदा लक्ष्मीपूजन बांधावरच मांडले आहे. ते दिवे लक्ष्मीसाठी असतात हे खोटे नाही. मात्र ती यावी म्हणून नव्हे, आलेली जाऊ नये म्हणून. सोयाबीन नुकतेच निघालेले असते, कपाशी फुटू लागलेली असते, तुरीला फूल धरत असते, हरभरा जमिनीतून डोके वर काढत असतो. आणि नेमक्या ह्याच दिवसांत रोही, चितळ आणि रानडुकरे रात्रीची शेतात उतरतात.

शहरातले लोक डुकरे सोडून बाकी सगळ्यांना सरसकट हरणे म्हणतात. चितळ, सांबर आणि भेकर ही खरी हरणे. त्यांची शिंगे भरीव हाडाची, आणि ती गळून पुन्हा नवी येतात. रोही, म्हणजे पुस्तकातली नीलगाय, तसेच काळवीट आणि चौशिंगा, हे गाई-बकऱ्यांच्या भाऊबंदांतले. त्यांची शिंगे जन्मभराची. वर्गात मी हे फळ्यावर आकृती काढून शिकवतो. हरभऱ्याच्या दृष्टीने ह्या फरकाला काही अर्थ नाही.

रात्रीच्या ह्या राखणीला आमच्याकडे जागल म्हणतात. जागलीला जाणे म्हणजे जेवण आटोपून, घोंगडी खांद्यावर टाकून, शेतातल्या मचाणावर रात्र काढणे. हत्यारे म्हणाल तर एक गोफण, एक रिकामा पत्र्याचा डबा, तो बडवायला दांडके आणि स्वतःचा गळा. बांधाच्या खुंट्यांना घरातली जुनी लुगडी-पातळी बांधलेली. वाऱ्याने ती फडफडली की जनावर बिचकते. माझ्या थोरल्या मामांनी अशी पन्नास वर्षे जागल केली. त्यांचे शेत बोरच्या जंगलापासून कोसभर अंतरावर. ते जंगल १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१४ साली व्याघ्रप्रकल्प झाला. मामांच्या बोलण्यात मात्र अजून ते नुसते 'रान' आहे.

लहानपणी सुटीत मी त्यांच्याबरोबर मचाणावर जात असे. मचाणावर चढण्यापूर्वी ते शेकोटीतली चिमूटभर राख हवेत सोडून पाहत. वारा रानाकडून आपल्याकडे येत असला तर निवांत बसायचे. आपल्याकडून रानाकडे जात असला तर जनावराला आपला वास केव्हाच पोचलेला असतो, ते समोरून न येता फेरा घालून येणार, म्हणून तोंड पाठीमागच्या बांधाकडे करायचे. टिटवी ओरडली की गोफणीत दगड घालायचा; कारण टिटवी रात्री उगाच ओरडत नाही, तिच्या अंड्यापिलांच्या वाटेत कोणीतरी आलेले असते. चितळ ओरडले तर मात्र गोफण खाली ठेवायची. चितळ ओरडले म्हणजे ते स्वतःच भ्यालेले असते. मागे बिबट नाहीतर वाघ. त्या रात्री हरभऱ्याची काळजी नको, आपली करा, असे मामा म्हणत. आणि रोह्याची गंमत अशी की तो पुन्हापुन्हा एकाच ठिकाणी लेंड्या टाकतो. त्या ढिगाची जागा एकदा सापडली की त्याची वाट सापडली. मामा सकाळी घरी येताना ते ढीग पाहत येत, जसे आम्ही मास्तर लोक हजेरीपट पाहतो.

ह्या जुन्या दिवसांची आठवण काढून उसासे टाकावेत असे मला वाटत नाही. मामांचे गुडघे थंडीने गेले. दोनदा साप पायावरून गेला. मुलीच्या लग्नाच्या आदल्या रात्रीही ते शेतात होते, आणि लग्नातल्या एकाही पंगतीला त्यांना डोळे उघडे ठेवून बसता आले नाही, हे मामी आजही सांगतात. पन्नास वर्षे अपुरी झोप घेतलेल्या बापाच्या मुलाने 'मी असे करणार नाही' म्हटले, तर त्यात गैर काय?

तेव्हा आमचा मामेभाऊ यंत्रांकडे वळला. आधी एक मोठी बॅटरी आली, अर्धा फर्लांग झोत टाकणारी. झोतात जनावरांचे डोळे चमकतात. त्यांच्या बुबुळामागे आरशासारखा एक पडदा असतो. अंधुक उजेडही त्यावरून परततो, म्हणून त्यांना अंधारात दिसते आणि आपल्याला त्यांचे डोळे दिसतात. मग लुकलुकणारे दिवे आले. हरणांना लाल आणि हिरवा ह्यांतला फरक आपल्यासारखा कळत नाही, असे शास्त्रज्ञ सांगतात. म्हणूनच अमेरिकेतले शिकारी भडक नारिंगी जाकिटे घालून खुशाल त्यांच्यासमोर बसतात. तेव्हा त्या लाल दिव्याचा दरारा जनावरांना किती आणि घरी झोपलेल्या मालकाला किती, हा प्रश्नच आहे. त्यानंतर आला भोंगा. त्यात वाघाची डरकाळी, कुत्र्यांचे भुंकणे आणि बंदुकीचे आवाज भरलेले. पहिल्या चार रात्री शिवारात चिटपाखरू फिरकले नाही. पाचव्या रात्री डुकरांनी त्याच खांबाखालची जमीन उकरली. डरकाळी आहे आणि वाघ नाही, हे जनावराला समजायला फार दिवस लागत नाहीत. गावातली कुत्री मात्र महिनाभर त्या यंत्रातल्या कुत्र्यांशी इमानाने भांडत राहिली.

शेवटी आले झटका मशीन. शेताभोवती तारा, कोपऱ्यात खांबावर सौर तबकडी, खाली बॅटरी आणि एक पेटी. ही पेटी सेकंद-दीड सेकंदाला एक असा विजेचा झटका तारेत सोडते. तो हजारो व्होल्टचा असतो खरा, पण डोळ्याचे पाते लवण्याच्याही कितीतरी आत संपतो. जनावर दचकते, मागे सरते आणि जिवंत राहते. वस्तू चांगली आहे. वनखात्याच्या योजनेतून अशा कुंपणाला अनुदानही मिळते. तार तुटली तर भोंगा वाजतो आणि मोबाईलवर निरोप येतो. मामेभावाने पेटी बसवली, मोबाईल उशाशी ठेवला आणि कित्येक वर्षांनी त्या घरातला पुरुष हंगामात घरी झोपला. मामींनी त्या रात्री पुरणपोळी केली होती म्हणतात.

मामा मात्र खाटेवर बसून राहिले. मला म्हणाले, "मशीन टिकटिक करते, घरचे झोपतेत. मंग राखन कोन करून राह्यलं, बाप्पा मास्तर?"

मी तेव्हा हसण्यावारी नेले. नंतर हाच प्रश्न मला अगदी अनपेक्षित ठिकाणी पुन्हा भेटला. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात असतो. दिवाळीला घरी आला होता. त्याचा शेजारी धनुष्यबाणाने हरणांची शिकार करतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार गुन्हा झाली. तिकडे परवाना काढून, ठरलेल्या हंगामात ती करता येते. धनुष्यबाण म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एकलव्य उभा राहिला. विद्यार्थ्याने मोबाईलवर फोटो दाखवले ते निराळेच होते. धनुष्याला कप्प्या आणि दोऱ्या. अंतर मोजणारी किरणांची दुर्बीण. आणि झाडाझाडाला बांधलेले कॅमेरे, जे समोरून हरीण गेले की त्याचा फोटो तत्क्षणी शेजाऱ्याच्या मोबाईलवर धाडतात. शेजारी घरी कॉफी पीत बसतो. तिसऱ्या नंबरच्या झाडाखाली मोठ्या शिंगांचा नर आला की उठतो. विद्यार्थी सांगत होता, एकदा ते कॅमेरे बंद पडले, तर शेजारी त्या आठवड्यात रानात गेलाच नाही. कुठे बसावे हे त्याला सुचेना.

शिकारी आणि जागल्या ह्यांचे हेतू एकमेकांविरुद्ध. एकाला हरीण यायला हवे, दुसऱ्याला ते यायला नको. पण काम एकच: मचाणावर बसायचे आणि जनावर कुठून, केव्हा, कशासाठी येईल हे त्याच्या आधी ओळखायचे. म्हणून तिकडच्या शिकाऱ्यांतला वाद मला आमच्या घरातल्यासारखा वाटला. तिकडेही हा वाद जोरात आहे. ॲरिझोना राज्याने २०२२ पासून शिकारीच्या कामी असे कॅमेरे वापरायला बंदी केली. पोप अँड यंग नावाची तिथल्या धनुर्धरांची एक संस्था १९६१ साली स्थापन झाली. धनुष्याला विजेचे उपकरण जोडून नेम साधला असेल तर ते हरीण आपल्या नोंदवहीत घ्यायचे नाही, असा दंडक तिने अनेक वर्षे पाळला.

ह्या संस्थेच्या नावातले पोप म्हणजे डॉक्टर सॅक्स्टन पोप. त्यांचा गुरू कोण होता, हे मला फार आवडते. १९११ साली कॅलिफोर्नियात, ओरोव्हिल गावाजवळ, रानातून एक भुकेला माणूस एकटाच बाहेर आला. याही नावाच्या आदिवासी जमातीतला तो शेवटचा माणूस. त्याला सगळे इशी म्हणत. सॅन फ्रान्सिस्कोच्या वस्तुसंग्रहालयात त्याला आसरा मिळाला, आणि डॉक्टर पोप त्याच्याकडून धनुष्य करायला आणि चालवायला शिकले. हरणाच्या शिकारीला जायचे तर इशी आदल्या दिवशी मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे; पहाटे उठून ओढ्यात अंघोळ करी, सुगंधी पाला अंगाला चोळी आणि उपाशीपोटी निघे. अंगाला कसलाही माणसाचा वास राहू नये, म्हणून. एखाद्या व्रतासारखे हे वाचताना मला मामांची चिमूटभर राख आठवली. इशी १९१६ साली क्षयाने गेला.

इतक्या लांब जायलाही नको. आपल्या विदर्भातले फासेपारधी दोरीच्या आणि तातीच्या फासांवर हरणे धरत. शिकवलेल्या गाई-बैलाच्या आडून, त्याच्या चालीने चालत, कळपाच्या अगदी जवळ जात. इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या ह्या जमातींवरचा तो शिक्का १९५२ साली कायद्याने पुसला. लोकांच्या मनातून पुसला की नाही, ते तुम्हीच सांगा. त्यांची विद्या आता बेकायदा आहे, आणि ती तशी असायला हवी हेही मला मान्य आहे. पण हरणाच्या पुढच्या पावलाची जितकी माहिती त्या माणसांना होती, तितकी विस्कॉन्सिनच्या बारा कॅमेऱ्यांना नसणार.

असो. मामांच्या शेताकडे वळतो.

मागच्या मार्गशीर्षात तीन दिवस आभाळ भरून राहिले. सौर तबकडीला ऊन मिळाले नाही, बॅटरी उतरत गेली. त्यातच बांधावरचे गवत वाढून खालच्या तारेला टेकले होते. असे झाले की झटका जनावरापर्यंत न पोचता गवतातून जमिनीत उतरतो. पेटीची टिकटिक चालूच होती. तार तुटली नव्हती, म्हणून भोंगा वाजला नाही, मोबाईलवर निरोप आला नाही. सकाळी मामेभाऊ शेतात गेला तेव्हा दोन एकरांतला हरभरा कातरल्यासारखा झाला होता. नुसते खाल्ले असते तरी चालले असते. रोही खातात त्याहून जास्त तुडवतात.

बँकेचे कर्ज, बियाण्याची उधारी, मुलाची फी. त्या दिवशी तो जेवला नाही. संध्याकाळी बाजारातून आला तो तारेचे एक मोठे वेटोळे घेऊन. कोणाशी बोलला नाही. पण ते वेटोळे कशासाठी आहे हे घरातल्या सगळ्यांना कळले. मोटारीच्या पेटीतून जोड घ्यायचा आणि शेताभोवती करंट सोडायचा. असे करणारे आमच्या भागात कमी नाहीत. मी योगायोगाने त्या दिवशी तिथे मुक्कामाला होतो. मी मास्तरकी सुरू केली: झटका मशीनच्या दोन झटक्यांमध्ये मोकळा वेळ असतो, त्यात जनावर सुटते, घरगुती २३० व्होल्टच्या प्रवाहात तसा वेळच नसतो, स्नायू आखडतात, लागलेली पकड सुटत नाही, शिवाय हा गुन्हा आहे. तो म्हणाला, "दादा, हे सगळं मले माहीत हाये. हरबऱ्याचं काय करू, ते सांगा." माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मामा काठी टेकत उठले, अंगणात गेले आणि त्या तारेच्या वेटोळ्यावर जाऊन बसले. मामींनी ताट वाढले, ते तिथेच मागवून घेतले. दहा वाजले, अकरा वाजले; थंडी वाढली. मामेभाऊ दारात उभा राहून म्हणाला, "बाबा, उठा नं आता." मामा म्हणाले, "रोह्यानं हरबरा खाल्ला, त एका सालाचा गेला. तारेले मानूस लागला, त मंग काय करशीन? पहाटे कापूस वेचाले बाया येतेत. अन् ते वाघीन इसरला का रे?"

ती वाघीण आमच्या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. ब्रह्मपुरीच्या जंगलात माणसांवर हल्ले केल्यामुळे तिला पकडून, गळ्यात रेडिओ कॉलर बांधून, जुलै २०१७ मध्ये बोरच्या जंगलात सोडले होते. तिने तिथे बूड टेकले नाही. वर्धा, अमरावती, नागपूर ह्या जिल्ह्यांच्या सीमांवरून ती शेकडो किलोमीटर हिंडली. तिने पुन्हा माणसे मारली. तिला मारावे की पकडावे ह्याचा वाद नागपूर खंडपीठापर्यंत गेला. ती कुठे आहे हे त्या पट्ट्यावरून कळत होते आणि पथके मागावर होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, कारंजा तालुक्यात पीक राखायला सोडलेल्या विजेच्या तारेला लागून ती मेली. पुढच्या शेताच्या तारेत काय सोडले आहे, हे सांगायची सोय त्या पट्ट्यात नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, उमरेड-कऱ्हांडल्याचा प्रसिद्ध 'जय' वाघ असाच नाहीसा झाला. त्याच्याही गळ्यात पट्टा होता, तो बोलायचा थांबला आणि वाघ पुन्हा कधी दिसला नाही. अशा तारांवर माणसेही मरतात: शेतमजूर, गुराखी, कधी स्वतः मालक. त्यांची बातमी आतल्या पानावर येते.

रात्री बाराच्या सुमाराला मामेभावाने घोंगडी आणली. आधी वडिलांच्या अंगावर टाकली, मग मला म्हणाला, "चला दादा, एक फेरी मारून येऊ." आम्ही दोघे आणि पाठीमागून, नको नको म्हणत असताना, मामा.

पुढच्या तीन रात्री आम्ही मचाणावर काढल्या. यंत्र काढून टाकले नाही; दिवसा तारेखालचे गवत कापले, बॅटरी गावात नेऊन भरून आणली, पेटी चालू ठेवली. मामांना मचाणावर चढवणे हे एक दिव्यच होते. ते एकदा वर बसले की सांगत, आम्ही ऐकत असू. पहिल्या रात्री मला काहीच ऐकू आले नाही, फक्त पेटीची टिकटिक आली. मामेभावाचा हात दर पाच मिनिटांनी खिशातल्या मोबाईलकडे जाई. दुसऱ्या सकाळी नाल्याच्या काठी पळसाखाली लेंड्यांचा ढीग सापडला. जुन्या वाळलेल्यांवर नव्या ओल्या. वर्षभर तो ढीग तिथेच होता आणि मामेभाऊ त्यापासून वीस पावलांवरच्या खांबाची तार दर महिन्याला ताणून घेत होता. जनावरे नाल्यातून येत होती. बाकी तिन्ही बाजूंचा पहारा फुकट गेला नव्हता, पण चोरांचा दरवाजा हा होता.

तिसऱ्या रात्री, दोनच्या पुढे, मामांचा डोळा लागला होता. मीही पेंगत होतो. मामेभावाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मला काही ऐकू आले नाही. मग नाल्याच्या अंगाने टिटवी ओरडली. त्याने डबा हातात घेतला, पण लगेच वाजवला नाही; थोडे थांबला, सात-आठ काळ्या आकृती नाल्यातून वर येऊन तारेशी उभ्या राहीपर्यंत थांबला, आणि मग असा बडवला की मामा दचकून उठले. जनावरे नाल्यात परत उधळली. मामा म्हणाले, "लवकर वाजवला असता त फिरून पलीकडून आले असते." मग पुन्हा आडवे झाले.

उरलेला हरभरा निघाला. कर्ज फिटण्याजोगा नाही. पुढचे बियाणे विकत घ्यावे लागणार नाही इतका. तारेचे वेटोळे मामेभावाने दुकानदाराला परत केले. त्याने पैसे अर्धेच दिले.

यंदा दसरा झाल्यावर नाल्याच्या काठाने त्यांनी हरभऱ्याऐवजी आठ तास करडई पेरली आहे. करडई मोठी झाली की तिला काटे येतात, आणि तिच्यातून घुसायला जनावर नाखूश असते. कल्पना मामांची, पण कुठून कुठपर्यंत पेरायची हे मामेभावाने ठरवले, आणि त्यात मामांनी फक्त दोन हात वाढवून घेतले. करडईला काटे यायला अजून अवकाश आहे. तोवर पेटी टिकटिकते आहे आणि मामेभाऊ दिवसाआड मचाणावर जातो. मधल्या रात्री त्याचा कॉलेजात जाणारा मुलगा जातो, कानात गाण्याची बोंडे न घालण्याच्या अटीवर. मामींचा परवा फोन आला होता. दिवाळीला येताना वर्ध्याहून एक चांगला थर्मास आण म्हणाल्या, पहाटेपर्यंत चहा गरम राहील असा.